दीड हजार किलोमीटरचे मामा

चालवण्यासाठी गाडी घेणारी माणसं जगात कोट्यवधी असतील. पण न चालवण्यासाठी गाडी घेतलेला, आणि ती आज कशी चालवायची नाही याचाच दिवसभर विचार करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे आमच्या हिचे थोरले मामा. पिंपळे गुरवमधलं जुनं शेतकरी घराणं. जिथे एकेकाळी त्यांची ज्वारी डोलत होती तिथे आता त्यांची तीन मजली इमारत उभी आहे. वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू, पहिल्या मजल्यावर मामा-मामी आणि खाली पार्किंगमध्ये गाडी. भाडेकरूंच्या गाड्या बाहेर रस्त्यावर उन्हात तापत असतात आणि मामांची गाडी सावलीत, मामींच्या जुन्या लुगड्यांची गोधडी पांघरून झोपलेली असते. मामांना मूलबाळ नाही. त्यामुळे भाची ती मुलगी आणि मी जावई, असा सगळा मान माझ्या वाट्याला आलेला आहे, आणि त्या मानापायी मी जे सोसलं ते पुढे सांगतोच.

मामांची सगळी नोकरी कारखान्याच्या इन्स्पेक्शन खात्यात गेली. आधी पिंपरीत, आणि कंपनीनं चाकणला नवा कारखाना काढल्यावर निघोज्याजवळ. काम एकच: तयार झालेला नग मापायचा, मापात असला तर पुढे सोडायचा, नसला तर लाल टॅग लावून बाजूला ठेवायचा. चाळीस वर्षं हेच केल्यावर माणसाला जगाकडे दुसऱ्या नजरेनं पाहता येत नाही. मामी ताटात चपाती वाढतात तेव्हा मामा आधी तिची जाडी बघतात आणि मग भाजीकडे वळतात. माझ्या लग्नाच्या बोलणीत त्यांनी मला खालून वर आणि वरून खाली असं दोनदा न्याहाळलं आणि सासऱ्यांना माझ्यासमोरच सांगितलं, "उंचीला जरा मायनस हाय, पन चालंल. लिमिटात हाय." लिमिट हा त्यांचा सर्वांत लाडका शब्द. "पाव्हणं, ड्रॉइंगवर लिमिट लिव्हलंय ना? मग लिमिट. तितं दया न्हाई, माया न्हाई, युनियन न्हाई."

तर असे मामा एका दसऱ्याला गाडी घेऊन घरी आले. संत तुकाराम नगरात आमच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या एका निवृत्त डॉक्टरांची ती गाडी. पिस्ता रंगाची, गोल दिव्यांची, स्टिअरिंगच्याच दांड्याला गिअर असलेली. ती सुरू झाली की आधी खाकरते, मग विचार करते आणि मग निघते. इतक्या जुन्या गाडीला साधा विमा परवडत नाही म्हणून एजंटानं जुन्या गाड्यांची खास पॉलिसी काढून दिली. तिच्यात अट होती: एका वर्षात गाडी दीड हजार किलोमीटरच चालली पाहिजे, त्यापुढे चालली तर विमा लागू नाही. दुसऱ्या कुणी हे ऐकून मान हलवली असती आणि विसरून गेला असता. मामांचे डोळे लकाकले. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी लिमिटच दिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी लांब वही काढली आणि हिशेब मांडला. दीड हजारातले तीनशे त्यांनी पहिल्या फटक्यात बाजूला काढले, कारण ते महाबळेश्वरचे होते. त्या तीनशेंमागे मोठी कथा आहे. लग्न झालं तेव्हा मामी निघोज्याहून नव्यानंच आलेल्या, आणि दोघांनी महाबळेश्वरला जायचं ठरलेलं. पण पूजेच्या दुसऱ्याच दिवशी मामांची फर्स्ट शिफ्ट लागली आणि बेत राहिला. तेव्हा मामांनी शब्द दिला होता, "आपली सोताची गाडी घेईन आन् तिच्यातनं नेईन." या गोष्टीला एकोणपन्नास वर्षं झाली. मामींनी कधी आठवण करून दिली नाही, आणि मामा एक दिवस विसरले नाहीत. गाडी घेतली ती त्यासाठी. पुढच्या दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं, पहाटे निघायचं, सगळे पॉइंट बघून संध्याकाळी परत. त्याआधी मर्यादा चुकूनही ओलांडली जाऊ नये म्हणून बाकीचं वर्षभर हात आखडून राहायचं. उरले बाराशे. "यंदा धोंडा हाय," मामा मला समजावत म्हणाले, "म्हंजे दसरा ते दसरा तीनशे चौऱ्याऐंशी दिवस. बाराशे भागिले तीनशे चौऱ्याऐंशी. रोजचे तीन किलोमीटर सव्वाशे मीटर." गणित इतकं बिनचूक होतं की त्यातली चूक मला दिसलीच नाही.

कारण मामांचं दुसरं वेड तिथीचं. इंग्रजी तारीख ही फक्त कंपनीच्या पंचिंग मशीनसाठी असते असं त्यांचं ठाम मत. वाढदिवस तिथीनं, पाण्याच्या टाकीची सफाई तिथीनं. गॅसचा सिलिंडर संकष्टीला लावला की तो कुठल्या एकादशीपर्यंत पुरायला हवा हे ते सांगतात, आणि आधी संपला तर मामींकडे खुलासा मागतात. एकदा दाताच्या दवाखान्यातल्या मुलीनं त्यांना पुढची वेळ विचारली तेव्हा ते म्हणाले, "वद्य पंचमीला येतो." त्या बिचारीनं संगणकात बराच वेळ शोधलं आणि शेवटी डॉक्टरांना आत जाऊन विचारलं. डॉक्टरही बाहेर आले, त्यांनाही सापडली नाही.

आता तीन किलोमीटर सव्वाशे मीटरमध्ये जगणारा माणूस कसा वागतो ते ऐका. गाडी कुठेही न्यायची तर आधी तो रस्ता मापायला हवा. म्हणून मामा आदल्या दिवशी स्कूटरवरून त्या ठिकाणी जाऊन येत, वाटेतले खड्डे, वळसे, बंद रस्ते वहीत लिहीत, आणि कधी कधी खात्रीसाठी पुन्हा जात. गाडीचे दोन किलोमीटर वाचावेत म्हणून स्कूटर वीस किलोमीटर धावायची. स्कूटरला मर्यादा नव्हती, त्यामुळे तिचे हाल कुत्रं खात नव्हतं. मामी दर महिन्याला निघोज्याला बहिणीकडे जायच्या तेव्हा मामा त्यांना बसनंच न्यायचे आणि वहीत लिहायचे, 'निघोजे, बसने, वाचले.'

माझ्या मेहुण्याच्या लग्नात तर कहरच झाला. नवरदेवाला मोशीच्या कार्यालयापर्यंत आपल्याच गाडीतून न्यायचं असा मामांचा हट्ट. त्यासाठी त्यांनी पाच दिवस गाडीला हात लावला नव्हता. पण वाटेत कुठलासा रस्ता खोदलेला निघाला, वळसा पडला, आणि कार्यालय समोर दिसत असताना मामांनी करकचून ब्रेक दाबला. "कोटा संपला. उतरा." नवरदेव बाशिंग सावरत म्हणाला, "मामा, दोनशे मीटर राहिलंय फक्त." मामा म्हणाले, "म्हनून तर म्हनतो, उतर. चालायला सोपं हाय." कुणीतरी गाडी ढकलायची तयारी दाखवली. मामांनी त्याच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "चाक फिरलं की मीटर फिरतं, भावा." शेवटी नवरदेव बँडच्या मागे भर उन्हात चालत मांडवात आला. मुलीकडच्यांनी मला हळूच विचारलं, तुमच्यात नवरदेवानं शेवटचं अंतर पायी तोडायची रीत आहे का? मी भिडेपोटी हो म्हणालो. पुढे त्यांच्या धाकट्या मुलाच्या लग्नाला आम्ही गेलो, तर त्यांनीही नवरदेव दोनशे मीटर आधी उतरवला होता.

मग धोंड्याचा महिना आला आणि जावयाला वाण द्यायचं म्हणून मला जेवायचं बोलावणं. "जावयाला गाडीनं आननार," मामांनी फोनवर जाहीर केलं आणि लगेच पुढे सांगितलं, "तुमी कासारवाडीपतोर रिक्षानं या. तितनं गाडी." मी सांगितल्या जागी जाऊन उभा राहिलो. मामा न्यायाधीशासारख्या गंभीर चेहऱ्यानं गाडी हाकत आले, शेजारी मामी. मामींना गाडीत बसल्या की खोकला येतो. एरवी ठणठणीत, पण गाडीत बसल्या की सुरू. त्या दिवशीही सिग्नलपाशी त्या एकदा खोकल्या, थोडं थांबून दोनदा खोकल्या. मी खिशातली ज्येष्ठमधाची काडी पुढे केली. "असू द्या, जावईबापू," त्या म्हणाल्या, "ह्यो खोकला औषधाचा न्हाई." घर आलं तेव्हा मामांनी मीटर पाहिलं, वही पाहिली आणि सव्वाशे मीटर शिल्लक आहेत असं म्हणून मला घरासमोरून एक जादा चक्कर मारून आणली. त्यानंतर तेहेतीस अनारसे. इतका मान मला सासरी दुसऱ्या कुणी दिलेला नाही.

आणि दसरा उजाडला. मामांनी मला पहाटेच बोलावून घेतलं होतं, कारण निघताना मीटरचा आकडा वहीत चढवायचा आणि साक्षीला जावयाची सही हवी. गाडी धुतलेली, बॉनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. मामी वर डबा भरत होत्या. मामांनी पॉलिसीचे कागद माझ्या हातात दिले. "वाचा जरा मोठ्यानं. चष्मा वर ऱ्हायला." चष्मा त्यांच्या नाकावरच होता, पण माझं लक्ष कागदाकडे होतं. मी वाचायला लागलो, आणि तोंडातून शब्द निघून गेल्यावर मला कळलं की मी काय वाचतोय. पॉलिसी गेल्या दसऱ्याच्या तारखेपासून एक वर्षाची होती. एक इंग्रजी वर्ष. ते संपून एकोणीस दिवस झाले होते. मधला धोंडा कंपनीनं धरलाच नव्हता.

मामांनी कागद हिसकावून घेतला आणि मला कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावायला सांगितला. पलीकडे एक मुलगी हिंदीत बोलू लागली, मामांचा आवाज ऐकून मराठीवर आली, आणि ती लातूरकडची निघाली.

"ताई, दसऱ्याला काढलेली पॉलिसी दसऱ्याच्या आधी कशी संपंल?"

"काका, तारखेनं संपते ती."

"आन् मधी धोंडा आला त्याचं काय? त्यो महिना झालाच न्हाई का?"

पलीकडे कळफलकावर बोटं वाजली. मग ती कळवळून म्हणाली, "काका, धोंडा आमच्याकडं बी असतंय. माझ्या नवऱ्याला बी अनारसे दिले आईनं. पर सिस्टीमला नसतंय बगा."

शिल्लक तीनशे किलोमीटर पुढच्या वर्षात ओढता येतात का, हेही मामांनी विचारलं. येत नव्हते. आता पॉलिसी तुटलेली असल्यामुळे कंपनीचा माणूस येऊन गाडीची तपासणी करणार, मग नवी पॉलिसी. आज दसऱ्याची सुट्टी, म्हणजे दोन-चार दिवस तरी लागणार. 'तपासणी' हा शब्द ऐकला आणि मामांचा सगळा आवेश ओसरला. त्यांनी फोन खाली ठेवला, वही उघडून गेल्या एकोणीस दिवसांचे आकडे माझ्याकडून वाचून घेतले आणि कपाळाला हात लावला. त्या दिवसांत गाडी एक मीटरही हलली नव्हती. "देवाचीच किरपा," ते पुटपुटले. मग आतून एक जुना लाल टॅग आणून त्यांनी तो हाराशेजारी आरशाला बांधला. "इन्स्पेक्शन झाल्याबिगर माल हालत न्हाई," ते म्हणाले आणि पायरीवर बसले. इतके लहान दिसणारे मामा मी त्याआधी पाहिले नव्हते.

मामींना सांगायला मी वर गेलो. त्या दशम्या फडक्यात बांधत होत्या. मी अडखळत सांगू लागलो तर त्यांनी अनारशांचा रिकामा डबा उचलला आणि त्याखालचा लिफाफा मला दाखवला. कंपनीची सूचना. भादव्यातच आलेली.

"वरच्या पोरीकडनं वाचून घेतली मी," मामी म्हणाल्या. "मंग एकोनीस दिस गाडी हालू दिली न्हाई. कधी गुडघा दुखतोय म्हनले, कधी घट बसल्यात म्हनले."

"पण मामी, का?"

"त्यांना दिसत न्हाई, जावईबापू. डाक्टरनं आपरेशन सांगितलंय, तर म्हनत्यात डोळा लिमिटात हाय. सिग्नल लाल असला की मी एकदा खोकते, हिरवा झाला की दोनदा. हितल्या हितं निभावलं. घाटात किती खोकू मी?"

मी म्हटलं, सरळ सांगून टाकायचं ना त्यांना. मामींनी गाठ घट्ट मारली. "चाळीस वरीस दुनियेचा माल पास-नापास केलेला मानूस. त्यांना मी नापास करू व्हय?" आणि पिशवी उचलून त्या खाली निघाल्या.

खाली येऊन त्यांनी गाडीचं दार उघडलं, पुढच्या सीटवर बसल्या आणि पदर नीट करून म्हणाल्या, "चला."

"कुठं चला? गाडी होल्डवर हाय."

"चाक नका हालवू. बसा तर."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी उगाच बॉनेटवरचा हार बघू लागलो. मामा बसले. त्यांनी स्टिअरिंग धरलं, किल्लीला हात लावला नाही, गिअरचा दांडा मात्र हलवला. "ह्ये वाकड गेलं," ते म्हणाले. आवाज आधी बसलेला होता, कात्रजचा बोगदा गेल्यावर सुटला. उजवीकडे ऊस, डावीकडे अमुक ढाबा, पुढे गतिरोधक. वरचा एक भाडेकरू सोनं द्यायला खाली आला तर मामांनी काचेतून हात दाखवला. "थांबा जरा. खंबाटकी चढतोय." तो माणूस आपट्याची पानं हातात धरून खंबाटकी संपेपर्यंत खरोखर थांबला. सुरूरला वळले, वाई मागे पडली, पसरणीचा घाट लागला. मामींनी पुढच्या फळीला घट्ट धरलं. "हळू घ्या हो, वळान हाय." आणि गेले एकोणीस दिवस अजिबात न हललेली, त्या क्षणीही जागची न हललेली ती गाडी मामांनी हळू घेतली. मला हसू येत होतं, आणि खरं सांगायचं तर रडूही येत होतं.

पाचगणीला दोघांनी दशम्या खाल्ल्या. मग महाबळेश्वरचा स्टँड आला आणि मामांनी स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले.

"आलं न्हवं?" मामींनी विचारलं. "दाखवा की आता काय काय हाय."

"हितनं म्होरं मला ठावं न्हाई," मामा समोर बघत म्हणाले. "श्रावणात येश्टीनं येऊन रस्ता मापून गेलो. तुला पेन्शनवाल्यांची मीटिंग सांगितली हुती. जीपवाले पॉइंटावर चला म्हनत हुते. न्हाई गेलो. परतीची गाडी यीपतोर भिंतीकडं त्वांड करून बसलो. म्हनलं, पयल्यांदा बघायचं तर हिच्यासंगं."

मामींनी दशम्यांचं फडकं घडी घालून पिशवीत ठेवलं. भाडेकरू सोनं बॉनेटवर ठेवून हळूच निघून गेला.

"येश्टी जाती म्हना की तितपतोर," मग त्या म्हणाल्या.

"जाती."

"मंग येश्टीनंच जाऊ. तुमास्नी फुकाट, मला अर्धं तिकीट."

"पन गाडीनं न्यायचा सबूद हुता माझा."

"आत्ता आनलंत की गाडीनं," मामी म्हणाल्या आणि दार उघडून उतरल्या.

दोन दिवसांनी कंपनीचा माणूस आला, गाडीचे फोटो काढून गेला आणि नवी पॉलिसी मिळाली. त्यानं हातात साधी टेपसुद्धा धरली नाही, याचं मामांना फार वाईट वाटलं. नवे कोरे दीड हजार किलोमीटर हाताशी असताना कोजागिरीच्या आदल्या सकाळी मी दोघांना वल्लभनगरच्या स्टँडवर सोडायला गेलो. मामींना खिडकी दिली होती. गाडी हलली तेव्हा मामा मांडीवर वही धरून बसले होते, पण ती उघडलेली नव्हती.

परत आल्यावर मी भेटायला गेलो. मामींनी स्वयंपाकघरात मला मोबाइलवरचा फोटो दाखवला. कठड्यापाशी दोघं उभे, वर निळंभोर आभाळ आणि मागे दरीच्या तळातली घरं एकेक मोजता येतील इतकी स्वच्छ. मामा उन्हानं डोळे बारीक करून कुठेतरी भलतीकडेच बघत होते. बाहेर येऊन मी त्यांना विचारलं, कसं वाटलं महाबळेश्वर?

"झ्याक हाय," मामा म्हणाले. "पन धुकं लई हुतं. काय दिसलंच न्हाई. ही सांगत हुती त्ये ऐकलं."

मामी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी मोबाइल कमरेला खोचला आणि माझ्याकडे पाहिलं. "व्हय," त्या म्हणाल्या, "लईच धुकं."

मी कप उचलला आणि म्हटलं, "या दिवसांत असतंच तिकडे."